मोतीला घरी ठेवून भारतात जायचंय? सिटरना पसंत पडेल अशी लिस्टिंग कशी लिहायची

ब्रिटनमधून चार-पाच आठवड्यांसाठी भारतात जायचं ठरलं की तिकिटांइतकाच मोठा प्रश्न असतो घरातल्या कुत्र्यामांजरांचा. शेजारणीला दोन दिवस सांगता येतं, महिनाभर नाही. केनेलचं बिल रोज चढत जातं, आणि घर सोडायला लागलं की काही मांजरं खाणंच टाकतात. म्हणून बरेच जण हाउस सिटिंगकडे वळतात. सिटर तुमच्या घरी येऊन राहतो, प्राणी सांभाळतो, त्या बदल्यात त्याला राहायला घर मिळतं. पगार नाही आणि भाडंही नाही. ब्रायटनमध्ये 2010 साली सुरू झालेलं ट्रस्टेडहाउससिटर्स हे घरमालक आणि सिटर यांची गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळांतलं सगळ्यांत ओळखीचं नाव. नोमाडोर, माइंडमायहाउस, हाउसकेरर्स आणि ऑस्ट्रेलियातलं ऑसी हाउस सिटर्स ही आणखी काही. घरमालक तिथे आपल्या घराची आणि प्राण्यांची जी जाहिरात टाकतो ती लिस्टिंग.

नवखा घरमालक गडी ठेवतो आहोत अशा थाटात लिहायला बसतो आणि तिथेच चुकतो. आपल्याला काय काय करून हवंय याची यादी देतो. सिटर मात्र एवढंच बघत असतो की या घरात आपला दिवस कसा जाईल. त्याला पैसे मिळणार नाहीत, वर प्रवासखर्चही स्वतःचा. तेव्हा निवड करणारा तो आहे, तुम्ही नंतर. खालच्या पायऱ्या हे धरूनच वाचा. उदाहरणं ब्रिटनमधली आहेत. कायद्याचे मुद्दे सोडले तर ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतही हेच चालतं.

1. आधी तारखा, आणि तारखांबरोबर वेळा

"साधारण 12 डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा" असं लिहिलेली लिस्टिंग अनुभवी सिटर उघडतही नाही. सिटर एका घरातून थेट दुसऱ्या घरी जाणारा असू शकतो. तुम्ही एक दिवस उशिरा निघालात तर त्या रात्री त्याने राहायचं कुठे?

तिकीट काढल्यावरच लिस्टिंग टाका आणि त्यात चार गोष्टी लिहा: सिटरने कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत यावं, तुम्ही किती वाजता निघणार, परत घरी किती वाजता पोचणार, आणि त्यानंतर सिटरने लगेच निघायचं की रात्र राहिलं तरी चालेल. सकाळचं विमान असेल तर सिटरला आदल्या संध्याकाळीच बोलवा. पाहुण्यांची खोली नसेल तर तेही सांगा. एका रात्रीसाठी सोफ्यावर झोपायला बहुतेकांची हरकत नसते, पण ते आल्यावर कळलं तर असते.

परतीच्या दिवसात थोडी ढील ठेवा. मुंबईहून येणारं विमान पहाटेऐवजी रात्री उतरलं तर मोतीला कोण बघणार, हे लिस्टिंगमध्येच लिहिलं की सिटरला धीर येतो: "आम्हाला उशीर झाला तर आमच्या मित्रांकडे किल्ली आहे."

नाताळच्या सुट्टीत सगळेच बाहेर पडतात, त्यामुळे सिटर कमी आणि घरं जास्त असतात. डिसेंबरसाठी लिस्टिंग उन्हाळ्यातच टाकलेली बरी. शाळेच्या सुट्ट्या सोडून जाता येत असेल तर काम बरंच सोपं होतं.

2. लिस्टिंग टाकण्याआधी हे कागद जमवा

हे मजकुरात दिसणार नाहीत, पण सिटर पहिल्याच कॉलवर विचारतो आणि उत्तर तयार असलं की तुमच्याबद्दल मत चांगलं होतं.

- व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) दिलेलं लेखी संमतीपत्र. त्यात सिटरचं नाव (ठरल्यावर घालायचं), तुमचा संपर्क लागला नाही तर किती पौंडांपर्यंत उपचार करायचे तो आकडा, आणि निर्णय कोणी घ्यायचा त्या इथल्या माणसाचं नाव.
- लसींची नोंद, पेट इन्शुरन्सचा पॉलिसी क्रमांक, आणि दाव्यात आधी आपल्याला किती भरावं लागतं ती रक्कम.
- प्राण्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा (ओळखीच्या चिपचा) क्रमांक. ब्रिटनमध्ये कुत्र्याला 2016 पासून आणि इंग्लंडमध्ये मांजराला 10 जून 2024 पासून चिप सक्तीची आहे. चिपच्या नोंदीत तुमच्या नंबरासोबत इथे असणाऱ्या कुणाचा तरी दुसरा नंबर घाला. कुत्रा हरवला आणि तो ज्याला सापडला त्याने फोन केला, तर तो फोन रात्री दोन वाजता साताऱ्यात वाजून उपयोग नाही.
- गळपट्ट्यावरचा बिल्ला. 1992 च्या नियमानुसार बाहेर नेताना कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता लागतो. तो पुसट झाला असेल तर नवा करून घ्या.
- घराच्या विमा कंपनीला ईमेल, आणि त्यांचं लेखी उत्तर. बऱ्याच पॉलिसींत घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं. सिटर असला की घर रिकामं धरलं जात नाही, पण दुसरी अडचण असते: आपण स्वतः किल्ली दिलेल्या माणसाच्या मुक्कामात, दार न फोडता झालेली चोरी अनेक पॉलिसींत बसत नाही. फोनवरच्या "हो हो, चालेल"वर विसंबू नका.
- घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी. हे लोक सर्रास विसरतात.
- गाडी देणार असाल तरच: सिटरचं नाव गाडीच्या विम्यात घातल्याचा कागद.

इथेच सिटर कुठून येणार याचाही विचार करा. परदेशी सिटर पर्यटक व्हिसावर येत असेल, तर राहण्याच्या बदल्यात प्राणी सांभाळणं हे इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या लेखी काम ठरू शकतं. अमेरिकेच्या विमानतळावरून अशा सिटरना परत पाठवल्याचे प्रकार झाले आहेत. पहिल्यांदा करताय तर त्याच देशात राहणारा, किंवा तिथे काम करण्याचा हक्क असलेला सिटर घ्या.

3. प्राण्याबद्दल खरं लिहा, आणि आकड्यांत लिहा

सगळ्यांत जास्त वेळ या भागाला द्या.

"आमचा मोती अगदी गुणी, काहीही त्रास नाही." हे वाक्य सिटरने हजार वेळा वाचलेलं असतं, आणि त्यातून त्याला एवढंच कळतं की मालक काहीतरी सांगायचं टाळतोय. मोती दारावरच्या पोस्टमनवर भुंकतो, खारीमागे धावतो, पावसात बाहेर पडायला तयार नसतो, हे सगळं चालण्यासारखं आहे. न सांगितलेलं मात्र चालत नाही, कारण पट्ट्याला हिसका बसून सिटरचा खांदा दुखायला लागतो आणि तो तिसऱ्या दिवशी तुम्हाला फोन करतो.

कुत्र्यासाठी या गोष्टी लिहायच्याच:

वय, जात आणि वजन किलोमध्ये. 8 किलोचा आणि 32 किलोचा कुत्रा पट्टा ओढतो त्यात काय फरक आहे, हे सिटर स्वतः ओळखतो.

फिरायला किती वेळा, किती मिनिटं, किती वाजता. "खूप फिरायला आवडतं" याला अर्थ नाही. "सकाळी 7:30 ला 40 मिनिटं, दुपारी 3 ला 45 मिनिटं, झोपण्याआधी 10 मिनिटं" याला आहे. डिसेंबरमध्ये दक्षिण इंग्लंडात चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा उन्हाळ्याचं वेळापत्रक जसंच्या तसं देऊ नका.

पट्टा सोडला तर हाकेला परत येतो का. येत नसेल तर "पट्टा सोडू नये" असं स्पष्ट लिहा. तुमच्या हाकेला येतो म्हणून नव्या माणसाच्याही हाकेला येईल असं नाही.

दुसरे कुत्रे, मुलं, सायकली, मांजरं यांच्याशी कसा वागतो.

किती तास एकटा राहू शकतो. लिस्टिंगमधला सगळ्यांत वजनदार आकडा हाच. आरएसपीसीए या ब्रिटनमधल्या प्राणिकल्याण संस्थेचा सल्ला कुत्र्याला चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये असा आहे, आणि बहुतेक सिटर हेच गृहीत धरून चालतात. चार तास म्हणजे सिटरला लंडनमध्ये एखादं संग्रहालय बघून परत येता येतं. तुमचा कुत्रा तासभरच राहत असेल तर खोटं लिहू नका, त्याऐवजी तोड काढा: आठवड्यातून दोन दिवस तुमच्या पैशाने डॉग वॉकर ठरवा, किंवा एखादा मित्र शनिवारी दुपारी मोतीला घेऊन जाईल अशी व्यवस्था करा. "दर बुधवारी आणि शनिवारी दिवसभर तुम्ही मोकळे" हे एक वाक्य वीस सुंदर फोटोंपेक्षा जास्त काम करतं.

झोपतो कुठे. सिटरच्या पलंगावर झोपायची सवय असेल तर सांगा. काहींना ते आवडतं, काहींना अजिबात नाही. रात्री उठवतो का, तेही.

खाणं ग्रॅममध्ये. "एक वाटी" म्हणजे तुमची वाटी, सिटरला ती कशी कळणार? सकाळी 170 ग्रॅम, संध्याकाळी 170 ग्रॅम असं लिहा आणि वजनकाटा ओट्यावर ठेवा.

मांजरासाठी प्रश्न वेगळे. फक्त घरात राहते की कॅट फ्लॅपमधून (दारातल्या मांजराच्या झडपेतून) बाहेर जाते. रात्री आत घ्यायची का. लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचे ट्रे) किती. मांजरं जितकी त्याहून एक ट्रे जास्त, हा सर्वमान्य हिशोब आहे. दोन मांजरांना एकच ट्रे असल्याचं फोटोत दिसलं तर जाणता सिटर ओळखतो की इथे कधीतरी गालिच्यावर घाण होत असणार. मनी अनोळखी माणूस आला की दोन दिवस पलंगाखाली बसत असेल तर तेही लिहा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी "मांजर सापडत नाही" असा घाबराघुबरा फोन येईल. लपून बसणं ठीक, पण 24 तास काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करायचा हे सिटरला द्यायच्या मार्गदर्शिकेत (पायरी 9) ठळक घाला. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम होतो.

औषधं लपवू नका. गोळी चीजमध्ये घालून देता येते की तोंड उघडून द्यावी लागते? इन्सुलिन असेल तर 12 तासांच्या अंतराने आणि खाण्याबरोबर द्यावं लागतं, म्हणजे सिटरचे दिवसाचे दोन ठरावीक वेळ बांधले गेले. ते आधीच सांगा. सिरिंजही आपणच आणून ठेवा. प्राण्यांचं कॅनिन्सुलिन हे इन्सुलिन यू-40 असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट; माणसांच्या इन्सुलिनची सिरिंज यू-100, म्हणजे 100 युनिटच्या हिशोबाची. संपली म्हणून सिटरने औषधाच्या दुकानातून यू-100 आणली आणि 10 च्या खुणेपर्यंत भरली, तर प्रत्यक्षात 4 युनिटच जातात. असा आजार असेल तर लिस्टिंगमध्ये "इंजेक्शन देण्याचा अनुभव हवा" असं सरळ लिहावं. अर्ज कमी येतील, पण योग्य माणसांचे येतील.

विषारी पदार्थांची यादी लिस्टिंगमध्ये नको, फ्रिजवर हवी. चॉकलेट, द्राक्षं, मनुके-बेदाणे, कांदा, लसूण आणि बिनसाखरेच्या च्युइंग गममधलं झायलिटॉल कुत्र्याला घातक. मांजरासाठी लिली सगळ्यांत वाईट, तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्या घरांत यात भर पडते ती शिऱ्यातल्या बेदाण्यांची आणि उरलेल्या आमटीतल्या कांद्या-लसणाची. नाताळात सिटर स्वतः मिन्स पाय (नाताळची छोटी गोड पाय) आणेल, त्यातही मनुकेच असतात. भेट आलेल्या फुलांच्या गुच्छात लिली असू शकते.

फटाके हा ब्रिटनमधल्या कुत्र्यांचा मोठा त्रास: 5 नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटच्या आसपास, दिवाळीत, आणि 31 डिसेंबरच्या मध्यरात्री. मोती घाबरत असेल तर 31 ची संध्याकाळ घरीच काढावी लागेल, हे सिटरला अर्ज करण्याआधी कळलं पाहिजे. त्याचे काही बेत असू शकतात.

4. कामांची यादी कापा

प्राणी सांभाळणं, घर नीट ठेवणं, टपाल उचलणं, कचऱ्याचा डबा ठरलेल्या दिवशी बाहेर ठेवणं, चार कुंड्यांना पाणी. इथपर्यंत ठीक. गवत कापणं, खिडक्या पुसणं, भिंतीला रंग द्यायला येणाऱ्या माणसासाठी दिवसभर घरी थांबणं, तुमच्या एअरबीएनबीवर दिलेल्या खोलीच्या चादरी बदलणं, ही कामं झाली. त्यांना पैसे देऊन माणूस लावा.

सिटरकडून वीज-गॅसच्या बिलाचे पैसे किंवा अनामत मागू नका. सिटर स्वतःचं जेवण आणि प्रवास बघतो. प्राण्यांचं खाणं, व्हेट आणि घराची बिलं तुमची. सव्वा महिन्याचं खाणं लागणार असेल तर दीड महिन्याचं आणून ठेवा.

आपल्या घरातल्या काही गोष्टी सिटरला माहीत नसतात, त्या थोडक्यात पण आधीच सांगाव्यात. स्वयंपाकघरात मांस-मासे शिजवू नयेत असं असेल तर ते लिस्टिंगमध्येच हवं, आल्यावर नव्हे. बाहेर जाऊन खायला हरकत नाही, किंवा बागेत ग्रिल वापरली तरी चालेल, अशी सोय दिली तर फार लोक अडत नाहीत. चपला दाराशी काढायच्या, हेही एका ओळीत. देवघराचं काम सिटरकडे देऊ नका. परक्या माणसाला रोज समई लावायला सांगणं म्हणजे त्याला संकोच आणि घराला आगीची भीती. तुळस खिडकीशी असेल तर तिला दोन दिवसांनी अर्धा पेला पाणी, इतकं पुरे.

5. घर कसं दाखवायचं

घर मोठं असण्यापेक्षा सिटरच्या रोजच्या गरजा भागतात का, याला महत्त्व आहे.

इंटरनेटचा वेग मोजून लिहा, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही. अनेक सिटर घरून नोकरी करतात आणि त्यांना व्हिडिओ मीटिंग लागतात. "वायफाय आहे" एवढ्याने काही कळत नाही. टेबल-खुर्ची असेल तर तिचाही फोटो टाका.

स्टेशन किती मिनिटांवर, चालत की बसने, रविवारी बस आहे का. गाडीशिवाय राहता येतं का ते स्पष्ट लिहा. गावाबाहेरच्या घरात गाडी नसलेला सिटर अडकतो आणि नंतर तसं रिव्ह्यूत लिहितो.

झोपायची खोली रिकामी हवी. कपाटात निदान अर्धा कप्पा, दोन-चार हँगर, फ्रिजमध्ये एक मोकळा कप्पा. स्वच्छ चादर, दोन उशा, टॉवेल.

हीटिंग. इथे एक खास आपला सापळा आहे. थर्मोस्टॅट मोबाइलवरून चालतो म्हणून पुण्यात बसून तो 16 वर आणायचा मोह होतो. तसं करू नका. सिटर थंडीत कुडकुडत बसला तर तुमचे वाचलेले चाळीस पौंड महागात पडतात. 19-20 अंश ठरवा, लिहा, आणि ॲपला हात लावू नका.

कॅमेरे. दारावरची कॅमेरावाली बेल, बागेतला कॅमेरा, मांजरावर नजर ठेवायला घेतलेला छोटा कॅमेरा, सगळे लिस्टिंगमध्ये सांगायचे. घरातले बंद ठेवायचे, नुसते "बघणार नाही" म्हणून नव्हे तर प्लग काढून. सिटरला लपलेला कॅमेरा सापडला की विषय संपला, आणि ते योग्यच आहे.

आणखी एक: सिटर असताना "माझा चुलतभाऊ दोन दिवस राहील", "मित्राकडे किल्ली आहे, तो येऊन-जाऊन असेल" असं करू नका. किल्ली असलेला माणूस अडचणीपुरता, आणि येण्याआधी फोन करून.

6. फोटो

दहा-बारा पुरेत. आडवे, दिवसाच्या उजेडात, दिवे लावून नव्हे. पहिला फोटो प्राण्याचा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून काढलेला. मग सिटरची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, बसायची खोली, बाग, फिरायची वाट. तुमचा प्राण्याबरोबरचा एक फोटो. लग्नातला साडी-शेरवानीतला फोटो छान दिसतो, पण सिटरला तुमचं घरातलं रूप बघायचं असतं. ओट्यावरचे डबे, गॅलरीतले सुकत घातलेले कपडे बाजूला करा. वजनदार कुत्रा मुलाच्या मांडीवर बसलेला फोटो टाकून "शांत आहे" हे न लिहिता सांगता येतं.

घराचा बाहेरून नंबर दिसेल असा फोटो टाकू नका. "28 दिवस आम्ही घरी नाही" असं सगळ्या जगाला सांगताना पत्ता देणं शहाणपणाचं नाही.

7. शीर्षक आणि मजकूर

मजकूर इंग्रजीतच टाकायचा आहे, पण आधी मराठीत विचार करून लिहा. मोजकं लिहिलं जातं. शीर्षकात तीन गोष्टी: प्राणी, ठिकाण, आणि सिटरला भावणारी एक सोय.

नको: "सुंदर घर, प्रेमळ कुत्रा, विश्वासू सिटर हवा!"

हवं: "रेडिंगमध्ये एक शांत लॅब्रडॉर, स्टेशन चालत 12 मिनिटं"

मजकुराची सुरुवात अशी असू शकते:

"मोती सात वर्षांचा, 29 किलोचा लॅब्रडॉर आहे. सकाळी 7:30 ला आणि दुपारी 3 ला प्रत्येकी 40 मिनिटं फिरतो. मैदान घरापासून पाच मिनिटांवर आहे. एकटा चार तास आरामात राहतो. पट्ट्यावर ठीक चालतो, पण खार दिसली की ओढतो, म्हणून पट्टा सोडू नये. फटाक्यांना घाबरतो; 31 डिसेंबरच्या रात्री कुणीतरी घरी असायला हवं. रेडिंगहून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जलद गाडीने साधारण 25 मिनिटं लागतात. स्वयंपाकघर शाकाहारी आहे. गावात खायला भरपूर जागा आहेत. वेगळी खोली, टेबल, मोजलेला इंटरनेट वेग खाली दिला आहे. बागेत काही करायचं नाही."

यात एकही विशेषण आवाजी नाही, तरी सिटर स्वतःला त्या घरात बघू शकतो. शेवटची ओळ मुद्दाम आहे.

"तुम्ही विश्वासू, स्वच्छ, जबाबदार, धूम्रपान न करणारे, प्राण्यांवर प्रेम करणारे असाल तरच अर्ज करा" असली वाक्यं काढून टाका. बेजबाबदार माणूस ती वाचून थांबत नाही, चांगला माणूस मात्र दुखावतो. खरोखरची अट असेल तर एकच ठेवा, कारणासकट: "आमच्या मुलाला दमा आहे, म्हणून घरात धूम्रपान नको."

8. अर्ज आल्यावर

ट्रस्टेडहाउससिटर्सवर पाच अर्ज आले की नवीन अर्ज घेणं थांबतं. म्हणून जे नको आहेत त्यांना लगेच नम्रपणे नाही कळवा, म्हणजे जागा मोकळी होते. आठवडाभर गप्प बसलात तर चांगला सिटर दुसरीकडे ठरवून मोकळा होतो. त्याच दिवशी दोन ओळी लिहा, निदान "रविवारी बोलू" एवढं तरी.

व्हिडिओ कॉल टाळू नका. सिटर दाखवेल ते बघण्यापेक्षा तुम्ही घर फिरून दाखवा. मोतीलाही कॅमेऱ्यासमोर आणा. विचारायचे प्रश्न: याच आकाराचा कुत्रा आधी सांभाळलाय का? दिवसा साधारण किती वेळ बाहेर असाल? बरोबर कोण असेल? तुम्ही आजारी पडलात तर काय करू? आणि मग त्यांना प्रश्न विचारायला वेळ द्या. ज्याला एकही प्रश्न पडत नाही त्याने लिस्टिंग नीट वाचलेली नसते.

भारतातून बोलायच्या वेळा आत्ताच ठरवा. हिवाळ्यात भारत ब्रिटनच्या साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात तुमचे सकाळचे आठ म्हणजे सिटरचे मध्यरात्रीनंतरचे अडीच. दोन दिवसांनी एक फोटो आणि दोन ओळी, इतकं मागणं रास्त आहे. रोज व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना मोती दाखवायचा हट्ट नको.

लिस्टिंग नवी असल्याने एकही रिव्ह्यू नाही, ही अडचण सगळ्यांना येते. महिन्याच्या मोठ्या मुक्कामाआधी दोन रात्रींचा छोटा मुक्काम ठरवा. लेक डिस्ट्रिक्टला जाऊन या. सिटरने त्यावर लिहिलेला एक चांगला रिव्ह्यू डिसेंबरच्या अर्जांची संख्या बदलतो, आणि मोती तुमच्याशिवाय कसा राहतो तेही कळतं.

9. मार्गदर्शिका आणि निघायची संध्याकाळ

सिटर नक्की झाला की तीन-चार पानांची मार्गदर्शिका पाठवा, निघण्याच्या दोन आठवडे आधी. पान एकवर फक्त तातडीचं: व्हेट, रात्रीचं आपत्कालीन व्हेट, प्राण्याच्या पोटात काही विषारी गेलं तर सल्ला देणारी, चोवीस तास चालणारी ॲनिमल पॉयझनलाइन ही फोनसेवा (तिथे सल्ल्याचे पैसे लागतात, ते तुम्ही देणार असं लिहा), गॅस गळतीसाठी 0800 111 999, आणि किल्ली असलेला मित्र. पुढे पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे त्याचा फोटो, फ्यूज बॉक्स, बॉयलर. बॉयलरचा दाब थंड असताना 1 ते 1.5 बार असायला हवा. खाली आला तर पाणी कुठून भरायचं त्याचा फोनवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ शब्दांपेक्षा बरा.

सिटर आला की एक फेरी त्याच्याबरोबर मारा, पण पट्टा त्याच्या हातात द्या. संध्याकाळचं खाणंही त्यालाच घालू द्या. निघताना मोतीच्या गळ्यात पडून रडारड नको, तो अस्वस्थ होतो आणि सिटरला पुढचे दोन तास त्याला समजावत बसावं लागतं.

परतताना हीथ्रोला उतरल्यावर सिटरला किती वाजता पोचताय ते कळवा. रिव्ह्यू त्याच आठवड्यात लिहा. ट्रस्टेडहाउससिटर्सवर दोघांनी लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकमेकांचा मजकूर दिसत नाही, त्यामुळे त्याचं बघून आपलं लिहू म्हणून थांबण्यात काही हशील नाही.